नाकातली लाल गाठ काढूनही पुन्हा का येते? रायनोस्पोरिडिओसिसबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा. चोवीस वर्षांचा भाऊ तलावात मासेमारी करतो. दीड वर्षापूर्वी त्याच्या नाकातलं ‘वाढलेलं मांस’ काढलं होतं. गेले आठ महिने पुन्हा तीच नाकपुडी बंद राहते आणि मधूनच घोळणा फुटतो. या वेळी तुकडा तपासायला पाठवला, तर कागदावर ‘रायनोस्पोरिडिओसिस’ असं आलं. घरच्यांनी मोबाइलवर शोधलं आणि मेंदू खाणाऱ्या अमीबापासून काळ्या बुरशीपर्यंत सगळं वाचून बसले. हा कॅन्सर आहे का, घरातल्या लहान मुलांना लागेल का, एकदा काढल्यावर परत का आला, गोळ्यांनी जाईल का आणि तलावाचं काम सोडावं लागेल का, असे पाच प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे. हा आजार जगात दुर्मिळ म्हणतात, पण तळ्यांच्या मुलखात काम केलेल्या माझ्यासारख्याला तो दुर्मिळ वाटत नाही. जगातले बहुतेक रुग्ण भारत आणि श्रीलंकेतले. आपल्याकडे तमिळनाडूचा दक्षिण भाग, केरळ, छत्तीसगड, ओडिशा, पश्चिम बंगालचे पुरुलिया-बांकुड्याकडचे जिल्हे, असा त्याचा पट्टा आहे. माणसं आणि जनावरं एकाच साचलेल्या पाण्यात उतरतात, तिथे तो हमखास भेटतो.

आधी भीती उतरवू. हा कॅन्सर नाही. मेंदूत जाणारा अमीबाही नाही. तो अमीबा, म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी, हाही गोड्या, कोमट पाण्यातून नाकातच शिरतो, म्हणून गोंधळ होतो. पण तो वासाच्या नसेच्या वाटेने मेंदूत पोचतो आणि काही दिवसांतच ताप, भयंकर डोकेदुखी, उलट्या, मान ताठणं असं सुरू होऊन माणूस हातचा जातो. केरळमधून मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या बातम्या आल्या, त्या अशाच आजाराच्या होत्या. रायनोस्पोरिडिओसिस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं नाकात हळूहळू वाढतो, ताप येत नाही, दुखत नाही. काळी बुरशी म्हणजे म्युकर. ती मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाचा आजार आणि तीही दिवसांच्या हिशोबाने पसरते. तुमच्या भावाचं तसं काहीच नाही. आठ महिने घोळणा फुटूनही तो रोज जाळं टाकायला जातोय, यातच अर्धं निदान आहे.

घरातल्या मुलांना लागेल का? नाही. माणसाकडून माणसाला हा आजार गेल्याची नोंद नाही. एका ताटात जेवा, एका खोलीत झोपा. मुलं त्याच तलावात डुंबत असतील तर मात्र त्यांनाही धोका आहे. तो पाण्याकडून आहे, काकाकडून नाही.

आता गाठ दिसते कशी ते सांगतो, कारण पहिली चूक तिथेच होते. नाकातला साधा पॉलिप फिकट, चकचकीत, सोललेल्या द्राक्षासारखा असतो. त्याला हात लावला तरी फारसं रक्त येत नाही. ही गाठ लालबुंद किंवा गुलाबी, खडबडीत, तुतीच्या फळासारखी. पुस्तकांत स्ट्रॉबेरी लिहितात. नीट उजेडात पाहिलं की तिच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट-पिवळसर ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजेच रोग. त्या जंतूच्या पिशव्या इतक्या मोठ्या होतात की नुसत्या डोळ्यांना दिसतात. बहुतेक रोगजंतूंच्या बाबतीत असं घडत नाही.

शिकाऊ असताना मला हे ठिपके दिसले नाहीत. ओपीडीत गर्दी होती, रुग्णाच्या नाकात काहीतरी लोंबत होतं, मी पॉलिप समजून चिमट्याने ओढलं. अर्धा तुकडा हातात आला आणि नाकातून धार लागली. पट्टीवर पट्टी भरून ती थांबेपर्यंत माझा घाम निघाला. सर आले, ओरडले नाहीत. ट्रेमधला तुकडा उचलून त्यांनी माझ्या समोर दिव्याखाली धरला आणि म्हणाले, “हे ठिपके आता मोज. आधी बघायचे होते.” तेव्हापासून एका बाजूची, रक्त येणारी गाठ मी बसल्या खुर्चीत ओढत नाही. आणखीही एक कारण आहे. पौगंडावस्थेतल्या मुलाच्या नाकातून एकाच बाजूने सारखं रक्त येत असेल, तर ती अँजिओफायब्रोमा नावाची रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि तिचा तुकडा ओपीडीत घेणं जिवावर बेतू शकतं. मोठ्या माणसात एका बाजूची गाठ कॅन्सरचीही असू शकते. त्यामुळे “तळ्यात जातो ना, मग तेच असणार” असंही गृहीत धरून चालत नाही. तपासणीशिवाय नाव द्यायचं नाही.

तपासणी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड. ती एकदा पाहिली की विसरत नाही. तुकड्यात जागोजागी गोल, जाड भिंतीच्या पिशव्या दिसतात, काही लहान, काही पूर्ण वाढलेल्या. मोठ्या पिशवीत हजारो बारीक बीजाणू खच्चून भरलेले असतात. खसखशीचं बोंड आडवं कापावं तसं. तुलना आणखी थोडी पुढेही जाते, कारण पिकलेल्या बोंडातून खसखस जशी छिद्रांतून बाहेर पडते, तसेच हे बीजाणू पिशवीच्या भिंतीत उघडणाऱ्या छिद्रातून बाहेर पडतात. एकेक बीजाणू साधारण रक्तातल्या लाल पेशीएवढा असतो, आणि भरलेली पिशवी ४०० मायक्रॉनच्याही पुढे, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाते. बाहेर पडलेला बीजाणू शेजारच्या अस्तरात रुजला की तो पुन्हा नवी पिशवी होतो. हे चक्र लक्षात ठेवा, आजार परत का येतो याच्याशी त्याचा संबंध आहे.

हा जंतू आहे तरी कोण, यावर शंभर वर्षं वाद चालला. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला गिलेर्मो सीबर यांनी १९०० साली नाकातल्या अशा गाठीत तो पाहिला आणि त्याला प्रोटोझोआसारखा परजीवी मानलं. कलकत्त्याहून ओ’किनीली यांनी १९०३ मध्ये भारतातला रुग्ण नोंदवला. १९२३ मध्ये अ‍ॅशवर्थ यांनी त्याचं जीवनचक्र तपशिलाने मांडलं, तो बुरशी असल्याचं ठरवलं आणि ‘रायनोस्पोरिडियम सीबेरी’ हे नाव रुळलं. आमच्या पिढीने परीक्षेत बुरशी असंच लिहिलं आणि मार्क मिळवले. मग १९९९-२००० च्या सुमारास त्याच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा कळलं की हा बुरशीही नाही. मासे आणि इतर जलचरांना त्रास देणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या एका गटात तो बसतो, प्राणी आणि बुरशी यांच्या फाट्याजवळचा. माशांच्या रोगजंतूंचा हा भाऊबंद माणसाच्या नाकात काय करतोय, हे कोडंच आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत तो अजून नीट वाढवता आलेला नाही, म्हणून त्याच्यावर औषधं तपासून बघणंही अवघड.

हा इतिहास उगाच सांगत नाही. ‘बुरशी’ हा शब्द डोक्यात बसल्यामुळे आजही कित्येक रुग्ण चार-चार महिने बुरशीवरच्या गोळ्या खाऊन माझ्याकडे येतात. यकृताला त्रास, खिशाला त्रास आणि गाठ होती तेवढीच. तुमच्या भावाला कोणी तशा गोळ्या लिहून दिल्या असतील, तर त्या का, हे विचारा.

पाण्याचं बोट धरून हा आजार येतो, हे फार पूर्वी लक्षात आलं होतं आणि त्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. नोरोन्हा यांनी १९३३ साली पुण्यातल्या वाळू काढणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार किती आहे, याची नोंद प्रसिद्ध केली. नदीच्या तळाची वाळू काढायची म्हणजे डोकं पाण्याखाली, नाकातोंडात गढूळ पाणी आणि त्या पाण्यात टोकदार कण. नुसत्या पाण्याने रोग होत असता, तर अख्खं गाव आजारी पडलं असतं. अस्तराला बारीकशी ओरखड लागते, तिथून बीजाणू आत शिरतो, असं मानलं जातं. श्रीलंकेत पुढे या जंतूच्या जनुकाला चिकटणारे खास शोधक वापरून तळ्यांच्या पाण्यातही त्याचा माग काढला गेला. केवळ उष्ण प्रदेशातलाच रोग म्हणावं, तर सर्बियात १९९२-९३ मध्ये एका तळ्यात पोहलेल्या लोकांत त्याची लागण झालीच. म्हणजे पट्टा आपला, पण मक्तेदारी आपली नाही. घोडे, बैल, कुत्रे यांच्याही नाकात अशाच गाठी होतात. कोरड्या, धुळीच्या मुलखात नाकापेक्षा डोळ्याच्या आणि पापणीच्या आतल्या पातळ अस्तरावर तो जास्त दिसतो, तिथे पाण्याऐवजी धुळीवर संशय घेतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली सूज येऊन अश्रूंत रक्त दिसणं, ही त्याचीच एक खूण, कारण अश्रूंची पिशवी नाकाला जोडलेली असते.

आता मुख्य प्रश्न, परत का आला?

तीन कारणं सांगता येतील, पण माझ्या मते दहातल्या सात-आठ वेळा पहिलंच खरं असतं : मूळ राहिलं. ही गाठ लोंबताना मोठी दिसते, पण तिचा देठ एखाद्या रुपयाच्या नाण्याहूनही लहान जागेवर असतो. नाकाच्या पडद्यावर, नाकाच्या तळाशी किंवा बाजूच्या भिंतीवरच्या खालच्या उंचवट्यावर. कधी दोन-तीन देठ असतात. कधी एक देठ पुढे आणि दुसरा मागे, टाळूच्या वर, जिथे साध्या प्रकाशात काही दिसत नाही. बाहेर लोंबणारं मांस ओढून काढलं की नाक लगेच मोकळं होतं, रुग्ण खूश होतो आणि डॉक्टरही. पण देठाच्या जागी अस्तरात लपलेल्या कोवळ्या पिशव्या तशाच राहतात. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष, आणि पुन्हा घोळणा. तुमच्या भावाचं वेळापत्रक नेमकं हेच सांगतंय.

दुसरं कारण म्हणजे गाठ तुकड्यातुकड्यांनी ओढताना बीजाणू आजूबाजूला सांडणं, आणि जिथे अस्तर खरचटलंय तिथे त्यांचं पुन्हा रुजणं. तिसरं, पुन्हा त्याच पाण्यात जाणं. रुग्णाला बोल लावायला हे तिसरं कारण सोयीचं पडतं, म्हणून डॉक्टर मंडळी तेच आधी सांगतात. “सांगितलं होतं ना, तळ्यात जाऊ नको.” मला ते पटत नाही. आधी आपण काढलेल्या गाठीचा देठ जाळला होता का, हे बघावं.

शस्त्रक्रिया नीट कशी होते, तेही ऐका, म्हणजे तुम्हाला प्रश्न विचारता येतील. पूर्ण भूल, कारण रक्त बरंच जाऊ शकतं आणि ते श्वासनळीत उतरायला नको. श्वासासाठी नळी घातल्यावर घशात पट्टी भरून ठेवतात. रुग्णाचा रक्तगट आधी पाहिलेला असतो, हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी वाढवलेलं असतं. महिनोन्‌महिने घोळणा फुटणाऱ्याचं ते अनेकदा कमी असतं. नाकात रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधाच्या पट्ट्या भरून दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं वाचवू नयेत. मग दुर्बीण आत. गाठीला सक्शनचं टोक नुसतं टेकलं तरी रक्त येतं, म्हणून आधी बाजूने फिरून देठ कुठे आहे ते शोधायचं. देठ सापडेपर्यंत गाठीला हात लावायचा नाही, हा माझा नियम. देठ दिसला की त्याच्याभोवतीच्या थोड्या निरोगी अस्तरासकट तो सोडवायचा आणि शक्यतो गाठ अखंड काढायची. टाळूमागे गेलेला भाग मोठा असला तर तो तोंडातून घ्यावा लागतो. त्यानंतर देठाची जागा कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, नीट जाळायची, कडेकडेने, घाई न करता. काही ठिकाणी याच कामाला लेझर किंवा कोब्लेशन (कमी उष्णतेत ऊती विरघळवणारं यंत्र) वापरतात, त्यात रक्त कमी जातं. पण यंत्र भारी म्हणून निकाल भारी असं नाही. देठ चुकला तर लेझरचाही उपयोग नाही. शेवटी दुर्बीण दुसऱ्या नाकपुडीतही घालून बघायची आणि घशातली पट्टी काढताना तिथे तुकडा पडलेला नाही ना, तेही.

एवढं करूनही काही रुग्णांत गाठ परत येते. दहातल्या एकाला तरी, आणि नाकाच्या मागे पसरलेली असेल तर त्याहून जास्त. हे मी शस्त्रक्रियेआधीच सांगतो. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

गोळीने जाईल का? शस्त्रक्रियेऐवजी गोळी, असा पर्याय नाही. शस्त्रक्रियेनंतर जोडीला म्हणून एकच औषध आम्ही खरोखर वापरतो, डॅप्सोन. त्यावर १९७९ साली नायर यांचा भारतातला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून ते चालत आलंय. या औषधाने पिशव्यांची वाढ अर्ध्यावर खुंटते आणि भोवती तंतुमय ऊती तयार होते, असं दिसतं. मोठ्या माणसाला साधारण १०० मिलिग्रॅम रोज, सहा महिने ते वर्षभर. परत-परत येणाऱ्या किंवा अनेक जागी पसरलेल्या आजारात मी ते देतो, पहिल्याच छोट्या गाठीत प्रत्येकाला देत नाही. तुमच्या भावाची गाठ एकदा परत आली आहे, त्यामुळे त्याच्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोला.

मात्र स्वतःहून दुकानातून आणून सुरू करू नका. सुरू करण्याआधी जी-६-पी-डी नावाच्या एन्झाइमची रक्ततपासणी लागते. ते एन्झाइम ज्यांच्यात कमी, त्यांच्या लाल पेशी या गोळीने भराभर फुटतात. सुरू केल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यात ताप आणि अंगावर चट्टे एकत्र आले, तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे. ओठ निळसर दिसले किंवा लघवी गडद झाली, तरी तेच. आणि एक गोष्ट जी कागदावर कुठे लिहिलेली नसते : डॅप्सोन हे कुष्ठरोगाचं औषध म्हणून गावोगावी ओळखलं जातं. माझ्या एका रुग्णाने दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या. का, तर दुकानदाराने पाकीट पाहून चारचौघांत विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी थांबली. तेव्हापासून मी गोळी लिहिताना घरच्या वडीलधाऱ्यांना सोबत बसवतो आणि हे औषध दोन वेगळ्या आजारांना चालतं, हे आधीच समजावतो.

तलावाचं काम. शिंगाडा काढणारा एक रुग्ण मला म्हणाला होता, “डॉक्टरसाहेब, पाण्यात न उतरता शिंगाडा निघत असता तर मी कशाला उतरलो असतो?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्यामुळे ‘सोडून द्या’ असं मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेनंतर नाकातलं अस्तर पूर्ण भरून येईपर्यंत, साधारण दोन महिने, पाण्यात अजिबात उतरायचं नाही. यात तडजोड नाही, कारण त्या काळात नाकात उघडी जखम असते. त्यानंतर छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहून जाळं ओढणं आणि बुडी मारणं यांत मी फार फरक करतो. बुडी बंद. अगदी मारावीच लागली तर पोहणारे लावतात ती नाकाची क्लिप लावून. जिथे जनावरं धुतात त्या काठाला आंघोळ नाही. कामावरून आल्यावर बोअरच्या किंवा नळाच्या पाण्याने आंघोळ. नाक धुवायचं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून. तलावाचं पाणी ओंजळीने नाकात ओढून शिंकरायची सवय असेल, तर ती आजपासून बंद. बऱ्याच जणांना असते आणि ते कधी सांगत नाहीत, विचारावं लागतं.

तपासणीला यायचं ते नाक बंद झाल्यावर नाही. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघून घ्यावं, मग दोन-तीन वर्षं सहा महिन्यांनी. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ दिसली तर ती छोट्या शस्त्रक्रियेत जाते. रक्त दिसेपर्यंत थांबलं की पुन्हा पूर्ण भूल आलीच.

आणि आता ज्यांच्याकडे दाखवाल त्यांच्याकडे जाताना दीड वर्षापूर्वीचा डिस्चार्ज कागद सोबत न्या. त्यात देठ कुठे होता आणि तो जाळला की नाही, एवढंच शोधा. लिहिलेलं असेल तर नव्या सर्जनला दुर्बीण आधी कुठे न्यायची ते कळेल. नुसतं ‘नाकातलं मांस काढलं’ एवढंच असेल, तर तेही त्यांना दाखवा. म्हणजे ते पुढून मागपर्यंत, टाळूच्या वरपर्यंत, सगळंच नव्याने बघतील.